टॉलिव्हरहून आलेला फोन

लुएला प्रुइट वाणसामानाची यादी लिहायची ती टॉलिव्हर काउंटीच्या पेनाने. पेन निळं, चांगलं जड, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत 'मार्गो स्टॅनफिल, कोर्ट क्लार्क, टॉलिव्हर काउंटी' असं छापलेलं. क्लार्क मंडळींच्या दरवर्षीच्या मेळाव्यात मार्गो ही पेनं मूठमूठ वाटायची आणि लुएला नको नको म्हणत दोन उचलायची. कचेरीत तिने ते पेन कधी नेलं नाही. घरी मात्र त्याने बटाटे, साबण, मांजराचं खाणं असलंच काहीबाही लिहायचं. मार्गोच्या पेनाने मांजराचं खाणं लिहिलं की तिला जरा बरं वाटायचं.

लुएला स्वतःही क्लार्कच होती, शेजारच्या कोबर्न काउंटीची. मतं मागून निवडून आलेली, कोर्टाच्या कचेरीची मुख्य. ती आणि मार्गो एकाच निवडणुकीत निवडून आल्या, राजधानीतल्या प्रशिक्षणात शेजारी शेजारी बसल्या, आणि तिथल्या हॉटेलातले साबण दोघींनी मिळून पर्समध्ये घातले. तेव्हा दोन्ही काउंट्या सारख्याच फाटक्या होत्या. मग हमरस्ता आला. सरकारने नकाशावर रेघ ओढली ती टॉलिव्हरमधून, आणि कोबर्नच्या वाट्याला डोंगर आणि हरणं उरली. क्लार्कची कचेरी चालते ती कोर्टखर्चाच्या वाट्यावर. फ्लोरिडाच्या समुद्रावर निघालेली उभी दुनिया टॉलिव्हरमधून गाडी भरधाव हाणायची, पकडली जायची, दंड भरायची, आणि त्यातला वाटा मार्गोच्या कचेरीत जाऊन पडायचा. कोबर्नच्या शेरीफकडे गस्तीपुरतं पेट्रोल नव्हतं. गस्त नाही म्हणून दंड नाही, दंड नाही म्हणून पैसा नाही. आपल्या काउंटीतले लोक मेले जरा जोरात गाडी का हाकत नाहीत, असं न्यायाच्या कचेरीत बसून लुएलाच्या मनात यायचं, आणि त्याची तिला लाजही वाटायची नाही.

वर्षातून दोनतीनदा काहीतरी कागद पोचवायचं निमित्त काढून ती टॉलिव्हरला जायची. पोस्टाने गेले असते ते कागद, पण पाहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. नवी इमारत, आपोआप उघडणारं दार, आलेल्या माणसाला नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र. सगळ्या खुर्च्यांना सगळी चाकं. काउंटरमागे बायकाच बायका, त्यातली एक तर नुसती पासपोर्टाचे अर्ज घ्यायला. आणि बाईमाणसांच्या स्वच्छतागृहात नळाला गरम पाणी. त्या पाण्याखाली लुएला हात जरुरीपेक्षा जास्त वेळ धरून उभी राहायची, आणि परतीच्या वाटेवर डोंगर चढेपर्यंत तिच्या जिवाची नुसती आग व्हायची.

कोबर्नच्या कचेरीत छप्पर गळत होतं तिथे बादली होती, चापट मारल्याशिवाय न चालणारं कॉपीचं यंत्र होतं, आणि रोंडा किल्गोर होती. रोंडा ही लुएलाची एकुलती एक मदतनीस. जमिनीचा वाद कुठल्या कपाटात आणि घटस्फोट कुठल्या, हे तिला न बघता सांगता यायचं. लग्नाचं लायसन्स काढायला आलेल्या नवऱ्यामुलाचे पाय लटपटायला लागले तर त्याला खुर्ची देणारीही तीच. तिच्या खुर्चीची गादी फाटली तेव्हा तिने घरून उशी आणली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आदल्या हिवाळ्यात तिचा पुढचा एक दात पडला होता. कोबर्नला विमा परवडत नव्हता आणि रोंडाला दातांचा डॉक्टर. ती तशीच खदाखदा हसायची, फटीसकट.

मार्चमध्ये एके दिवशी तिने स्वतःच येऊन सांगितलं की टॉलिव्हरमध्ये जागा निघाली आहे आणि तिने अर्ज केलाय. चोरून काही करायचं नाही म्हणून सांगतेय, असंही म्हणाली. पगार जास्त, विमा डोळ्यांचा, दातांचा, सगळाच. लुएलाने मान डोलावली, तोंडभरून शुभेच्छा दिल्या, आणि मग खोक्याएवढ्या रेकॉर्डरूममध्ये जाऊन बराच वेळ उगाच उभी राहिली. रस्ता गेला, पैसा गेला, आता ही पण. घे म्हणावं, मार्गो, माझ्या अंगावरचा स्वेटरही काढून घे.

त्या राज्यातल्या क्लार्क लोकांत एक रीत आहे. कागदावर ती कुठे नाही, पण मोडत कोणी नाही. दुसऱ्या काउंटीचं माणूस घ्यायचं असेल तर आधी तिथल्या क्लार्कला स्वतः फोन करायचा आणि विचारायचं, कशी आहे? उत्तर मिळेल ते धरून चालायचं. क्लार्कचा शब्द हा कोर्टाच्या शिक्क्यासारखा, त्यावर फेरतपासणी नाही. दुनियेला उजवा हात वर करायला लावून खरं बोलण्याची शपथ देतो आपण, निदान आपापसात तरी खरं बोलू, असं प्रशिक्षणातल्या म्हाताऱ्या बाई सांगायच्या.

मार्गोचा फोन आला तेव्हा लुएला रोंडाबद्दल चांगलंच बोलणार होती. फार तर कामाला जरा सावकाश आहे, एवढं म्हणावं असं तिने ठरवलं होतं. पण मार्गो आधी इकडचं तिकडचं बोलत बसली. नवा गालिचा टाकतायत, त्याच्या वासाने डोकं दुखतंय, आणि एक सोडून दोन जागा मंजूर झाल्यात, माणसं कुठे बसवावी तेच कळत नाही. बादलीत टप टप पडत होतं. लुएला ऐकत होती.

"तर ही रोंडा," मार्गो म्हणाली, "मला तर आवडली. तू सांग, कशी आहे?"

"कामाला चांगली आहे," लुएला म्हणाली. आणि मग, कुठून आलं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "पैशाच्या पेटीपाशी मात्र मी तिला एकटी सोडत नाही."

कळवल्याबद्दल आभार मानून मार्गोने फोन ठेवला. लुएलाचे कान गरम झाले होते. पण खोटं कशाला बोला, पश्चात्तापाच्या आधी तिला वाटला तो आनंद. टॉलिव्हरला एक वस्तू मिळाली नव्हती.

टॉलिव्हरहून रोंडाला दोन ओळींचं नकाराचं पत्र आलं. त्यानंतर हसताना ती तोंडावर हात धरायला लागली. नंतर बोलतानाही. लुएलाच्या ते लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लावत बसायची तिची इच्छा नव्हती. उलट त्या उन्हाळ्यात ती रोंडाशी फारच गोड वागली. मक्याचा पाव काय, घरचे टोमॅटो काय, दुपारी लवकर घरी जायची सूट काय. रोंडाही म्हणायची, मिस लुएला, तुम्ही आहात म्हणून बरं आहे. हे ऐकताना लुएला कॉपीच्या यंत्राला चापट मारायला उठायची.

ऑगस्टमध्ये काउंटीच्या पंचमंडळाची बैठक झाली. वर्षभरात कोबर्नमध्ये खटले आणखी कमी झाले होते, म्हणून कोर्टखर्चाचा वाटाही कमी झाला होता. पंचांचा मुख्य डब ऑलरी हा गुराढोरांच्या खाद्याचा दुकानदार. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली, म्हणजे बातमी वाईट होती. म्हणाला, लुएला, कचेरीला आता एकच माणूस झेपेल, आणि तू तर निवडून आलेली, तुला काढता येत नाही. लुएला भांडली, टेबलावर हात आपटला, टॉलिव्हरच्या गालिच्याचा उल्लेखही केला. डब म्हणाला, टॉलिव्हरचं आम्हाला काय सांगतेस, तो रस्ता आम्ही वळवला का? रोंडाला महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली.

रोंडाचा नवरा पाठदुखीने घरी बसलेला. कोबर्नमध्ये दुसरं काम म्हणजे कोंबड्या कापायचा कारखाना, तोही भरती बंद केलेला. राहता राहिलं टॉलिव्हर, आणि टॉलिव्हरचं दार लुएलाने स्वतःच्या हाताने लावून टाकलं होतं. दोन रात्री तिला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी काढून निघाली. या वेळी तिने कुठल्याही कागदाचं निमित्त काढलं नाही.

आपोआप उघडणारं दार उघडलं. यंत्राने तिला नंबर दिला आणि ती आपल्या नंबराची वाट बघत बसली, वाहतुकीचा दंड भरायला आलेल्या लोकांत. मार्गोने काचेतून पाहिलं आणि स्वतः बाहेर येऊन तिला आत नेलं. गालिचा खरंच जाड होता.

"रोंडाला घे," लुएला म्हणाली. "मार्चमध्ये मी तुला सांगितलं ते खोटं होतं. एका सेंटचीही चूक नाही तिची. मी खोटं बोलले."

"माहीत आहे मला," मार्गो म्हणाली.

"कसं?" लुएलाने विचारलं.

"अगं, पेटीत हात घालणारी बाई असती तर तू त्याच दिवशी ऑडिटरला फोन केला असतास. करावाच लागतो, नाहीतर आपली खुर्ची जाते. मी आठवडाभर वाट पाहिली. ऑडिटर कोबर्नला फिरकला असता तर माझ्या कानावर आलंच असतं; तू फोन नाही केलास. मग कळलं."

"मग तिला घेतलं का नाहीस?"

"म्हटलं, लुएला प्रुइट असं बोलते म्हणजे तिकडे काय हाल असतील. तुला तेवढं एकच माणूस होतं. मला काय, मला दुसरी मिळाली. राहू दे म्हटलं तुझी तुला."

लुएलाने आजवर मार्गोच्या दारांचा, नळांचा, खुर्च्यांचा हेवा केला होता. त्या बाईने आपल्यावर दया केली असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मार्चपासून आपण जिंकलो असं जे तिने मनात जपून ठेवलं होतं, ते मार्गोने भिकेसारखं तिच्या पदरात टाकलेलं होतं. तिला वाटलं, उठावं आणि तो गालिचा नखांनी ओरबाडून काढावा. पण जागा रोंडासाठी हवी होती, म्हणून ती बसून राहिली.

"जागा आहे?" तिने विचारलं.

"जागा असतेच माझ्याकडे," मार्गो म्हणाली. त्यात फुशारकी नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. "सोमवारी पाठव. पण मार्चचं तिला आधी तू सांग. तू सांगितलं नाहीस तर मला सांगावं लागेल. तुझं झाकायला म्हणून मी तिच्याशी रोज खोटं वागणार नाही."

परतताना डोंगर चढता चढता लुएलाच्या मनात आलं की सोमवारपासून रोंडा सगळी चाकं असलेल्या खुर्चीवर बसणार, गरम पाण्याने हात धुणार. तशात तिला रोंडाचाही हेवा वाटला. स्वभाव कुठे जातो.

कचेरीत रोंडा एका म्हाताऱ्याला शपथ देत होती. म्हातारा गेल्यावर लुएलाने दाराला कुलूप घातलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सोमवारची नोकरी आधी सांगितली, मार्चचा फोन नंतर. पेटीबद्दलचं वाक्य तिने होतं तसं सांगितलं, एक शब्द कमी केला नाही.

रोंडाने काउंटरवरचे कागद सरळ केले.

"मला वाटलं, दातामुळे," ती म्हणाली. "मुलाखतीत मी हसले होते. घरी येऊन आरशात बघितलं, म्हटलं, असल्या तोंडाला कोण काउंटरवर बसवणार. इतके महिने मला वाटत होतं, माझ्या दातामुळे."

तिचा हात सवयीने तोंडाकडे गेला, आणि मध्येच खाली आला.

"माझं चुकलं, रोंडा," लुएला म्हणाली. "आज मात्र मी त्यांना खरं तेच सांगितलंय तुझ्याबद्दल."

"हो ना," रोंडा म्हणाली. "मार्चमध्ये तुम्ही मला हेच सांगितलं होतंत, मिस लुएला. फोन झाल्यावर म्हणालात, तुझ्याबद्दल चांगलंच बोलले."

तिने खुर्चीवरची उशी उचलली, काखेत मारली आणि निघाली. दाराला कुलूप होतं. लुएलाने किल्ली शोधून दार उघडेपर्यंत तिला तिथेच उभं राहावं लागलं.