निळ्या रांगेतले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, पण गोष्टीचे नाही. माझ्यात राजा नाही, परी नाही, आणि शेवटी सगळे सुखाने नांदतात असेही काही होत नाही. विजेची मोटार जळाली की तिच्यात तांब्याची तार पुन्हा कशी भरायची, एवढेच मी सांगतो. त्यामुळे मला कोणी उशाशी घेऊन झोपत नाही. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही, कारण ज्याचे अडते तो आपल्या पायांनी माझ्याकडे येतो.

एका तंत्रशाळेतल्या गुरुजींनी मला लिहिले. आकृत्या त्यांनी स्वतः काढल्या, पट्टी आणि कंपास घेऊन, चार वर्षे खपून. माझी छपाई एकदाच झाली. पुढे छापखाना बंद पडला, गुरुजीही गेले. वाचनालयात आलो तेव्हा माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव होते. पण माझे वाचक म्हणजे तेलकट हातांची माणसे. वीस वर्षांत त्यांनी माझी पाठ अगदी खिळखिळी करून टाकली. मग बाइंडरने मला छान निळे कापड चढवले. नाव घालायचे त्याला वेगळे सांगावे लागते, ते कोणी सांगितले नाही. ग्रंथपाल बाईंनी पाठीवर एक पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर आकडा लिहिला, सहाशे एकवीस. तेव्हापासून तोच आकडा माझे नाव झाला.

आणखी एक सांगायचे राहिले. मी घरी न्यायचे पुस्तक नव्हे, इथेच टेबलाशी बसून वाचायचे. इतर पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के पडतात. माझे ते पान पहिल्या दिवसापासून कोरे आहे. याच कोऱ्या पानाने पुढे माझा घात केला.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक ताई येऊ लागल्या. त्यांच्या सासऱ्यांचे विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान होते. सासऱ्यांचे डोळे अधू झाले आणि दुकान ताईंवर आले. दुकान चालवायला परवाना लागतो, तो सासऱ्यांच्या नावावर होता आणि त्याची मुदत संपत आली होती. ताईंनी लेखी परीक्षा दिली तरच नवा परवाना मिळणार होता. परीक्षा वर्षातून एकदा.

"हाताला सगळं येतं हो, बाई," त्या पहिल्या दिवशी ग्रंथपाल बाईंना म्हणाल्या. "डोळे मिटून मोटार भरते मी. पण तीच कागदावर काढा म्हटलं की घाम फुटतो."

"मग हे घ्या," असे म्हणून बाईंनी मला त्यांच्यासमोर ठेवले.

रोज दुपारी दुकान बंद करून त्या दोन तास येत. त्यांचा मोबाइल साधा, बटणांचा. म्हणून माझी एकेक आकृती त्या वहीत उतरवून घेत. चुकली की स्वतःशीच हसत आणि खोडरबर घेत. आम्ही चौदापैकी अकरा प्रकरणे मिळून केली. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतके मन लावून कोणी वाचले नव्हते, हे मी अभिमानाने सांगतो.

इकडे वाचनालयाचे दिवस भरत आले होते. वाचक कमी, पंखेच जास्त. वर्षाअखेरीस तपासणी होणार होती, आणि गर्दी वाढली नाही तर वाचनालय बंद करून ही जागा दुसऱ्या कामाला देणार होते. अध्यक्षसाहेब येऊन बाईंना म्हणाले, "बोलणाऱ्याची माती खपते बाई, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. काहीतरी करा." काय करायचे ते मात्र त्यांनी सांगितले नाही. अध्यक्ष सहसा सांगत नाहीत.

बाईंची भाची सुट्टीवर आली होती. चुणचुणीत मुलगी, मोबाइल तिच्या हाताचे सहावे बोट. तिने वाचनालयाच्या नावाने फोटो आणि रील टाकायचे एक पान उघडले. पहिले चार फोटो कोणी बघितले नाहीत. मग ती म्हणाली, "मावशी, पुस्तकं रंगाप्रमाणे लावू या. एक अख्खी भिंत, लाल, पिवळी, हिरवी, निळी. लोक समोर उभं राहून फोटो काढतील बघ."

"आणि पुस्तक सापडायचं कसं?" बाईंनी विचारले.

"जी कोणी मागतच नाही, तीच घेऊ ना. शेवटच्या पानावर शिक्के नसतील ती."

बाईंना ते पटले. मला माहीत आहे, तुम्हालाही पटले असते. बाई जेवायला गेल्या असताना भाचीने मला हातात घेतले, शेवटचे पान उघडले आणि म्हणाली, "अय्या, हे तर कधी कोणी नेलंच नाही." मला ओरडून सांगावेसे वाटत होते की अगं, मला न्यायची परवानगीच नाही, उद्या दोन वाजता ताई येतील तेव्हा बघ. पण पुस्तकाला तोंड नसते. ज्याने उघडले त्याच्याशीच ते बोलते, आणि तेही जे छापले आहे तेवढेच.

मी निळ्या रांगेत गेलो. भिंत खरेच देखणी दिसत होती. फक्त फोटोत आमच्या पाठीवरच्या पांढऱ्या चिठ्ठ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. भाचीने ओल्या फडक्याने एकेक करून त्या सोलून काढल्या. माझीही काढली. आता माझ्या पाठीवर ना नाव, ना आकडा.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. माझ्या जुन्या फळीवर त्यांनी बोट फिरवले, पुन्हा फिरवले. बाई धावून आल्या. यादीत मी होतो, फळीवर नव्हतो. बाईंनी फळीमागे पाहिले, टेबलांखाली पाहिले, बाइंडरकडे निरोप धाडला. भिंतीत सगळी न मागितली जाणारी पुस्तके आहेत अशी त्यांची खात्री होती, म्हणून तिथे मात्र पाहिले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे माणसे हसून म्हणतात. त्या कळशाला काय वाटत असेल, हे कोणी विचारलेले नाही.

"कोणीतरी लांबवलं असणार," बाई शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता.

भिंतीचा फोटो मात्र खूप गाजला. लोक येऊ लागले. नुकतेच लग्न झालेली जोडपी, शाळेतल्या मुली, एकदा तर अख्खे ऑफिस. भिंतीपुढे दोरी बांधली आणि पाटी लावली, 'पुस्तकांना हात लावू नये, रंगांचा क्रम बिघडतो.' वाचनालयात अशी पाटी मी पहिल्यांदाच पाहिली. ताई आठ दिवस येत राहिल्या. गर्दीतून वाट काढत, "जरा सरकता का," म्हणत शेजारच्या फळ्या धुंडाळत राहिल्या. एकदा तर त्या माझ्यापासून दोन हातांवर होत्या. हजारो माणसांनी मला मोबाइलवर पाहिले, आणि जिला मी हवा होतो तिला मी दिसत नव्हतो. इतके लाचार मला कधी वाटले नव्हते. नवव्या दिवशी त्या आल्या नाहीत.

परीक्षा झाली, निकालही लागला. त्यानंतरच्या आठवड्यात ताई वाचनालयाचे कार्ड परत करायला आल्या. त्या आता दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागणार होत्या, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. वाचनालय सहाला बंद होते.

बाईंनी कार्ड हातात घेतले. त्या म्हणाल्या, "ताई, जाण्याआधी तुमचा एक फोटो काढू द्या. एवढ्या गर्दीत खऱ्या वाचक तुम्हीच. दोरीच्या आत या. एखादं पुस्तक हातात घ्या." भाची म्हणाली, "ते निळं घ्या ना, तुमच्या स्वेटरला शोभेल."

आणि ताईंनी मला उचलले.

फोटो निघाला. त्यात ताई हसताहेत. पुढच्याच क्षणी त्यांच्या अंगठ्याने मला सवयीने उघडले, ते फोटोत नाही. बारावे प्रकरण होते, छत्तीस खाचांच्या मोटारीची जोडणी. त्यांनी आकृतीवरून बोट फिरवले. मग एवढेच म्हणाल्या, "हाच प्रश्न आला होता."

बाईंनी कपाळाला हात लावला. भाचीला काही कळले नाही, मग हळूहळू कळले आणि तिने मोबाइल खाली घेतला. "माझं चुकलं, ताई," ती म्हणाली. "मला वाटलं, कोणालाच नको आहे."

"तुम्ही हे घरी घेऊन जा," बाई घाईघाईने म्हणाल्या. "नियम गेला खड्ड्यात. पुढच्या वर्षी परीक्षा द्या."

"पुढच्या वर्षी दुकान कुठे असेल, बाई," ताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी मला मिटले, स्वेटरच्या बाहीने माझी पाठ पुसली आणि बाईंच्या हाती दिले. "याला याच्या जागेवर ठेवा. दुसरं कोणी येईल."

त्या गेल्यावर बाईंनी कागदाची पट्टी कापली, आकडा लिहिला, डिंक लावला. तेवढ्यात अध्यक्षसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. तपासणी करणारेच पाहुणे होते. भिंत पाहून ते खूश झाले. अध्यक्षांनी डोळे बारीक केले. "बाई, निळ्यात एक फट दिसते आहे."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. ओली चिठ्ठी त्यांच्या बोटाला चिकटली होती. वाचनालय वाचवायचे होते, आणि मलाही. त्यांनी मला फटीत सारले.

वाचनालय बंद झाले नाही. बाई रोज म्हणतात, उद्या भिंत मोडते, आणि रोज दारात फोटोवाल्यांची रांग असते. त्यांचाही इलाज चालत नाही.

मित्रांनो, फोटो जरूर काढा. आमची काही तक्रार नाही, आम्हालाही चारचौघांत मिरवायला आवडते. पण आमच्या पाठीवरचा आकडा पुसू नका, आणि कोऱ्या पानावरून आमची किंमत करू नका. मी अजून निळ्या रांगेत आहे, वरून तिसऱ्या फळीवर, डावीकडून अकरावा. तुमच्या ओळखीत कोणाची मोटार कागदावर येत नसेल, तर त्यांना एवढे नक्की सांगा. मला सांगता येत नाही.