चारचौघांसमोर

भाकरीचं ताट आपल्यापर्यंत आलं तसं शामकलाबाईंनी ते नेहमीप्रमाणे दोन्ही हातांत धरलं, मान खाली घातली आणि शेजारच्या डिंपलकडे सरकवलं. मागून द्राक्षरसाचा प्याला आला, तोही तसाच पुढे गेला. देवरीच्या त्या पत्र्याच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नऊ वर्षं मंडळी हेच पाहत आली होती. प्रभुभोजनाची भाकर दर महिन्याला बाईंच्याच घरी भाजली जायची, काळ्या मनुका उकळून रसही त्याच करायच्या, आणि स्वतः मात्र घास घ्यायच्या नाहीत.

मंडळीनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावून टाकला होता. बाई स्वतःला लायक समजत नाहीत, एवढी त्यांची लीनता. खरं तर नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्यानं आधी समेट करावा, मगच प्याल्याला हात लावावा. पण तेहतीस वर्षं नर्सबाई म्हणून जंगलातल्या गावांत बाळंतपणं केलेल्या बाईंचं कुणाशी वाकडं असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि बाईंनी तरी कुठे सांगितलं? लोक आपल्याला चांगलं म्हणत असले, की त्यांना दुरुस्त करायला जीभ रेटत नाही.

त्या रविवारी पाळक इंद्रकुमार लीनतेवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी बाईंकडे हात केला आणि सांगितलं, लीनता कशी असते ते बघायला लांब जायला नको, ती आपल्या मंडळीत चटईवर बसली आहे. सगळ्या माना वळल्या. बाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. उपासना संपल्यावर डिंपल समोर येऊन गुडघ्यांवर बसली. तिला पाचवा महिना होता. "बाई, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा. तुमचा आशीर्वाद लागेल माझ्या बाळाला."

बाईंचा हात उठला नाही. गुडघा दुखतोय, असं काहीतरी पुटपुटून त्या बाहेर पडल्या.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची माय वारली ती धाकट्या बहिणीच्या, चंद्रकांताच्या घरी. इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठी ते गाव. धानाच्या रोवणीचे दिवस होते, मायला ताप आला आणि चंद्रकांतानं पहिल्याच दिवशी बहिणीला फोन लावला. शामकलाबाई तेव्हा मंडळीच्या उपास-प्रार्थनेत होत्या. साधा ताप आहे, गोळी दे, मी इथून प्रार्थना करते, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. चौथ्या दिवशी पोहोचल्या तेव्हा अंगणात तिरडी बांधणं चालू होतं. चुलीजवळ काढ्याचं भांडं दिसलं. आणि बाई सगळ्या गावासमोर, भावजया-शेजारणींसमोर ओरडल्या, "तुया झाडपाल्यानं मारलं मायले. तूच मारलं." चंद्रकांता एक शब्द बोलली नाही. तिरडी उचलली गेली. त्यानंतर दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळच्या बसनं बाई निघाल्या. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत घोकून ठेवलं होतं. माफी मागायची, दोघींनी मिळून रडायचं, एक प्रार्थना करायची, दुपारच्या बसनं परत. इतकी वर्षं लोकांना सुया टोचलेली बाई ती, दुखणं झटपट उरकायची सवयच लागली होती.

चंद्रकांता अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. केस पांढरे झाले होते. तिनं वर पाहिलं, पण सूप थांबवलं नाही.

"काऊन आली?"

"माफी मांगाले आली." बाईंचा घोकलेला सगळा मजकूर कुठल्या कुठे गेला आणि तोंडात माहेरची बोली आली. "मायच्या वेळेले मी जे बोलली ते खोटं होतं. तू फोन केला होता. साधा ताप हाये म्हणून मीच सांगतलं. तुई काई चूक नोयती."

"हे त मले माहीत हाये," चंद्रकांता म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत हाये. मले कायले सांगून राहिली? ज्यायले माहीत नाही त्यायले सांग."

बाईंनी विचारलं, तू तेव्हाच का नाही सांगितलंस? चंद्रकांतानं सूप खाली ठेवलं.

"दोन वर्षं राहिली होती तुया नोकरीले. नर्सनं फोनवर मायले मारलं, असं झालं असतं मंग."

मग चंद्रकांता बोलायला लागली ती थांबेना. पूर्वी गावात कुणाला खोकला झाला, बाळंतिणीचं अंग चोळायचं असलं, की लोक तिला बोलवायचे. त्या दिवसानंतर कुणी आलं नाही. भांडण कुणीच केलं नाही, नुसतं बोलावणं बंद केलं. नर्सबाई सांगते म्हणजे खरंच असेल ना. पुढे पोराचं लग्न झालं, राखी सून म्हणून आली, तिलाही कुणीतरी सांगितलंच.

"राखी तिच्या लेकराले माया हातून पाणी बी पाजू देत नाही, ताई. आजी हावो मी त्याची."

बाईंनी हात जोडले. चंद्रकांतानं ते पाहिलं आणि मान हलवली. "चार लोकायत बोलली होती. चार लोकायत सांग."

पहिली राखी. ती दारातच उभी होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, फोनसकट. राखीनं सगळं ऐकलं आणि लेकराला कडेवर घेऊन आत गेली.

मग गल्ली. बाई पुढे, चंद्रकांता चार पावलं मागे. ज्या गावात लोक नर्सबाई म्हणून खाट टाकून द्यायचे, तिथे बाई दारोदार उभ्या राहून म्हणत होत्या, मी खोटं बोलले होते. शेजारची म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या बाई, जुनी गोष्ट." मागून चंद्रकांता म्हणाली, "जाऊ नोको देऊ. आयकून घे." म्हातारीनं ऐकून घेतलं. त्यापुढच्या घरातली माणसं चहा ठेवायला निघाली, बाईंनी नको म्हटलं. प्रत्येक दारात तेच बोलायचं होतं आणि प्रत्येक दारात ते पहिल्यापेक्षा जड जात होतं.

चौथं घर बकारामचं. दाराला कुलूप होतं. उंबऱ्यात गवत उगवलं होतं. बकाराम दोन वर्षांपूर्वी वारला, पोरं नागपूरला गेली, असं चंद्रकांतानं सांगितलं. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि पाचव्या घराकडे वळल्या. चंद्रकांता जागची हलली नाही.

"मायच्या तिरडीले समोरून यानंच खांदा देल्ला," ती म्हणाली. "सगळ्यायत जवळ हाच उभा होता. मरेपर्यंत माया घरचं पाणी नाही पेला."

बाई परत फिरल्या, चपला काढल्या आणि कुलपासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "बकारामभाऊ, मी शामकला," त्यांनी सुरुवात केली. फोनचं सांगितलं, साध्या तापाचं सांगितलं, काढ्याचा काही दोष नव्हता हेही सांगितलं. इतर तीन दारांत घट्ट राहिलेला त्यांचा आवाज इथे फुटला, आणि ऐकायला कुणी नसलेल्या त्या दारासमोर त्यांनी सगळं शेवटपर्यंत मोठ्यानं बोलून टाकलं.

कुडाला टेकून चंद्रकांता ऐकत होती. बाईंचं बोलणं संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"अजून सहा घरं हायेत," ती म्हणाली आणि चालू लागली.