माझ्या झाकणावरचा हळदीचा हात

मित्रांनो, जरा जवळ या. मला मोठ्याने बोलता येत नाही. माझ्या कडीला एक कुलूप आहे आणि खोलीच्या दाराला दुसरं. मी एक जुनी विज्ञानपेटी, डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या एका शाळेत, सामानाच्या खोलीत राहते. मला भुताची पेटी म्हणायचे. भ्यायचं तर खुशाल भ्या, पण आधी ऐका आणि मग पळा.

माझा जन्म ठाण्यात, कोलशेतच्या एका शेडमध्ये. पोपट मिस्त्रींनी मला हिरवा रंग दिला, पोटात कप्पे केले आणि भिंग, लोहचुंबक, परीक्षानळ्या, होकायंत्र, प्रयोगांची कार्डं असा सगळा संसार मांडला. "पोरांच्या हाताला लाग, बाई," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं.

शाळेत विज्ञान शिकवायला सगुणाबाई होत्या. त्या मला मधोमध जमिनीवर ठेवायच्या आणि पोरं भोवती कोंडाळं करून बसायची. पहिल्याच वर्षी तीन नळ्या फुटल्या. बाई म्हणाल्या, "फुटू देत रे! नळी फुटली तर नवी येते. डोकं बंद पडलं तर काय करायचं?" काय सुखाचे दिवस होते ते!

मग सगुणाबाई आजारी पडल्या आणि त्यातच गेल्या. मुख्याध्यापक साईनाथ सर माणूस चांगला, पण भित्रा. "फुटलं तर जबाबदार कोण?" असं म्हणून त्यांनी मला कुलूप घातलं. नव्याचे नऊ दिवस संपले माझे. साहेब तपासणीला आले की मला पुसायचे, आणि खंडेनवमीला पुजायचे. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात ना, शाळेचं अवजार म्हणजे मी! शाळेतल्या मावशी, गोदूबाई, ओल्या हळदीत पंजा बुडवून माझ्या झाकणावर उमटवायच्या. झेंडूचा हार पडायचा, पेढे वाटले जायचे. कुलूप मात्र कोणी काढायचं नाही. उपाशी माणसाच्या गळ्यात हार घालावा, पण त्याला जेवायला वाढू नये, तसं झालं होतं माझं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. दुपारी गोदूबाई झाडू घ्यायला आत आल्या आणि जागीच थिजल्या. माझ्यावरचा पिवळा पंजा लाल झाला होता. पाचही बोटं, रक्तात बुडवल्यासारखी! साईनाथ सर धावत आले आणि पांढरेफटक पडले. सकाळी सगळे धीर करून पुन्हा बघायला आले, तर पंजा आपला पिवळाच. दुपारी परत लाल. त्या खोलीला कायमची ओल, त्यामुळे हळद कधी पुरती वाळायचीच नाही. "सगुणाबाईंचा हात आहे तो," पोरं कुजबुजायला लागली. खरं सांगते, माझ्या पत्र्यावरही काटा आला. बाई परत आल्या असतील असं क्षणभर मलाही वाटलं, आणि बरंसुद्धा वाटलं.

पण शेजारच्या खोलीत तिसरीचा वर्ग बसायचा. तिथली पोरं दुपार झाली की खोकायची. उर्वी नावाच्या मुलीला तर धाप लागायची. मागच्या भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना होता. तिकडून उग्र वास यायचा, पण आमच्याकडे वास नाही असा दिवस कुठला? वासाला कोण विचारतो! सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. शनिवारी मला खाडीत सोडून यायचं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मला खाडीची भीती नव्हती. मला काळजी वाटत होती ती उर्वीची. हळद कशाने लाल होते, ते माझ्या पोटातल्या सातव्या कार्डावर छापलेलं होतं. पण कुलपाआडचं वाचणार कोण? मी आतून किती तडफडले, काय सांगू!

शुक्रवारी दुपारी उर्वीची मोठी बहीण कल्पिता तिला घरी न्यायला आली. ती सातवीत होती. खोलीचं दार उघडं होतं आणि गोदूबाई माझ्यापुढे लिंबू ठेवत होत्या. पंजा लाल झाला होता.

"मावशी, हळद लाल कशी काय झाली?"

"बाईंचा कोप गं, दुसरं काय? तू जा बघू इथून."

"पण घरी कधी होते का हो अशी लाल?"

"होते की. चुना लागला की होते. माझी आजी तसंच कुंकू करायची..." बोलता बोलता गोदूबाईंचा हात थांबला. "पण इथे चुना लावला कोणी?"

"कोणीच नाही लावला. म्हणजे हवेतच काहीतरी आहे, चुन्यासारखं."

कल्पिताने वहीचा कागद फाडला, गोदूबाईंच्या पूजेच्या ताटातल्या ओल्या हळदीने माखला आणि मागच्या भिंतीच्या फटीशी धरला. बघता बघता कागद लाल झाला. तो घेऊन ती साईनाथ सरांकडे धावली.

"सर, भूत फटीतून कशाला येईल? माझी बहीण शेजारच्याच वर्गात बसते हो, सर! आधी त्या पोरांना बाहेर काढा!"

सरांनी कागदाकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी जबाबदार कोण, ते विचारलं नाही. तिसरीचा वर्ग मैदानात आणला आणि स्वतः येऊन माझं कुलूप काढलं. सातव्या कार्डावर लिहिलेलं होतं: चुना, सोडा, अमोनिया. बर्फ गोठवायला कारखान्यात अमोनिया वायू लागतो, त्याची नळी भिंतीलगत गळत होती. दुपारी यंत्र जोरात चाललं की वायू आत यायचा, रात्रीत उडून गेला की पंजा पुन्हा पिवळा. नळी दुरुस्त झाली आणि उर्वीचा खोकला थांबला. शाळा सुटताना तिने येऊन माझ्या झाकणावर आपला छोटा हात ठेवला. असा हात कितीतरी वर्षांनी लागला होता मला.

ते वर्ष मी रोज उघडी होते. मग कल्पिता मोठ्या शाळेत गेली, साईनाथ सर निवृत्त झाले, गोदूबाई गावी गेल्या. नव्या सरांच्या वर्गात दोन नळ्या फुटल्या आणि कुलूप परत आलं.

परवा खंडेनवमी झाली. नव्या मावशींनी पंजा उमटवला, हार घातला, दार लावलं. आज दुपारी शेजारी तिसरीची पोरं पाढे म्हणतायत. मघाशी एक जण खोकला. आता दुसरा खोकतोय.

माझ्या झाकणावरची करंगळी लाल झाली आहे. आता अंगठाही.

मित्रांनो, हार पुरे झाले. किल्ली आणा, लवकर.