खरी तारीख

सवलत गेल्याचं फ्रेमवाल्याला दुकानातच कळलं, कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोवर काच बसवताना. पोस्टमननं पाकीट ठेवलं, सही घेतली आणि तो गेला. लहान दुकानदारांना मालमत्ता करात मिळणारी सवलत या वर्षी मिळणार नाही, कारण अर्ज मुदतीत आलेला नाही, असं आत लिहिलं होतं. त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं. मग काच पुसली, कारण तिच्यावर त्याचा अंगठा उमटला होता.

पूर्ण कर भरायचा तर दुकानाचा पुढचा भाग भाड्यानं द्यावा लागणार होता. शेजारचा मोबाइलवाला त्या जागेवर केव्हापासून डोळा ठेवून होता. तिथं बायकोचं काउंटर होतं. ती गेल्यापासून त्यावरची पट्टी, पेन्सिल आणि तिचा चष्मा फ्रेमवाल्यानं हलवला नव्हता. गिऱ्हाईक आलं की तो मागच्या टेबलावरूनच बोलायचा. लोकांना जरा मोठ्यानं बोलावं लागे, पण कोणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी मेहुणी डबा घेऊन आली. तिनं पत्र वाचलं आणि डबा जरा जोरातच ठेवला.

"भाऊजी, ताईनं तुम्हाला तारीख सांगितली नव्हती?"

"सांगितली होती. दवाखान्यात."

"मग?"

"मग मी त्यात महिना मिळवला."

मेहुणी खुर्चीवर बसली. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. गल्लीत फ्रेमवाल्याला उद्याराव म्हणत, आणि ते काही प्रेमानं नव्हे. बायकोनं लग्नानंतर लवकरच त्याची नस ओळखली होती. गिऱ्हाइकाला ती सोमवार सांगायची आणि त्याला आधीचा गुरुवार. विमा, वीजबिल, कराचे अर्ज, सगळ्याची मुदत ती त्याला महिनाभर अलीकडची सांगायची. हे त्याला माहीत होतं. त्याला माहीत आहे, हे तिलाही माहीत होतं. तो मनातल्या मनात महिना मिळवायचा आणि काम अगदी वेळेवर व्हायचं. संसार याच हिशेबावर चालला, आणि बरा चालला.

फक्त शेवटच्या वेळी तिनं खरी तारीख सांगितली होती.

"आता मागे लागायला आपण नसणार, असं वाटलं असेल तिला," मेहुणी म्हणाली.

"मग तेवढं बोलायचं. ही खरी आहे म्हणून."

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

फ्रेमवाल्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "पंधराच दिवस मिळवले असते."

दुसऱ्या दिवशी तो कर कार्यालयात गेला. योग्य कारण असेल तर मुदत शिथिल होते, असा नवा आदेश निघाला होता. खिडकीमागच्या बाईंनी त्याला अर्ज दिला.

"कारण काय लिहू?"

"जे असेल ते लिहा, काका."

जे होतं ते त्यानं सांगितलं. बाईंनी शिक्का बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"हे रकान्यात बसणार नाही."

"अक्षर बारीक काढतो."

"तसं नाही हो. पत्नीचं निधन, एवढंच लिहा. साहेब लगेच मंजूर करतात. दाखला आहे ना?"

"आहे."

"मग झालं की."

त्यानं पेन हातात घेतलं. मग परत खाली ठेवलं.

"तिच्यामुळे उशीर झाला, असा अर्थ होईल."

"अर्थ काढायला इथं वेळ कोणाला आहे?"

"पण ती वेळेत होती. उशीर मी केला. माझं एकही काम आजवर तिच्यामुळे रखडलेलं नाही. आता ती नसताना तिच्या नावावर हे लावायचं?"

"काका, ते कारण आहे. आरोप नाही."

"अहो, आवरा की," रांगेतून कोणीतरी म्हणालं. बायकोच्या तोंडून रोज ऐकलेलं ते वाक्य बऱ्याच दिवसांत कानावर पडलं नव्हतं. फ्रेमवाल्याला जरा बरं वाटलं.

बाईंनी अर्ज त्याच्याकडे सरकवला. "घरी नेऊन भरा. पण मुदत शिथिल करायच्या अर्जालाही मुदत आहे. महिनाअखेर." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ही खरी तारीख आहे."

मेहुणीनं रात्रीच्या जेवणाला हे ऐकलं आणि हात धुवायला उठली. "ताई असती तर तिनंच लिहून टाकलं असतं. तुमची फक्त सही घेतली असती."

"हो," फ्रेमवाला म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

मागच्या टेबलावर सरस आणि काचेचा चुरा असतो, तिथं अर्ज खराब झाला असता. म्हणून दुसऱ्या दिवशी तो बायकोच्या काउंटरवर बसला. तिचा चष्मा न हलवता त्याच्या बाजूला अर्ज ठेवला. नाव, दुकानाचा पत्ता, जागेचं माप, सही, सगळं सावकाश भरलं. इतके दिवस गिऱ्हाइकं कुठून बोलायची तेही त्याला तिथून दिसलं. त्या दिवशी एक जण आत आला आणि सवयीनं ओरडून बोलला. "एवढ्या मोठ्यानं कशाला?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

महिनाअखेर या शुक्रवारी आहे. त्यात त्यानं काही मिळवलेलं नाही. कारणाचा रकाना अजून भरायचा आहे.