येळवशीच्या अंधारातली बॅटरी

मी एक जुनी, तीन सेलांची बॅटरी आहे. मित्रांनो, शहरातली माणसं मला टॉर्च म्हणतात, पण मुखेडच्या आठवडी बाजारात मला सगळे बॅटरीच म्हणत आणि तेच नाव मला माझं वाटतं. माझ्या स्टीलच्या अंगावर बारीक उभ्या रेघा कोरलेल्या आहेत, ओल्या हातातून मी निसटू नये म्हणून. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव हेवेखोर आहे. उगाच चांगुलपणाचा आव आणून गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल.

संगप्पाआजोबांनी मला त्या बाजारात घेतलं. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला लाइट रात्रीच यायची. गव्हाला पाणी द्यायला जाताना ते मला खांद्याला अडकवून नेत. एकदा बांधावर घोणस पसरली होती. आजोबांचा पाय पडायच्या दोन पावलं आधी मी ती दाखवली. दुसऱ्या दिवशी गुरम्माआजींनी देवाला लावतात तशी विभूतीची तीन बोटं माझ्या अंगावर ओढली. मी इतकी फुगले की काय सांगू!

मग आजोबांच्या खिशात मोबाइल आला. त्याच्या डोक्यात इवलासा दिवा होता. मी खुंटीवरून पत्र्याच्या पेटीत गेले. कुणीही माझे सेल काढले नाहीत. ते पोटातच गळले, स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड चढली. दोन वर्षं मी तशीच पडून होते, मोबाइलच्या नावानं बोटं मोडत.

मला बाहेर काढलं ते दामिनीनं, आजोबांच्या सुनेनं. तिची लेक शिवलीला, म्हणजे आमची शिवू, तेव्हा तान्ही होती आणि गावात तीन दिवस लाइट नव्हती. दामिनी फार जपणारी. गॅसचं बटण बंद आहे ना हे दोनदा बघणारी, बाळाच्या अंथरुणात विंचू नाही ना म्हणून गोधडी चारदा झटकणारी. मोबाइलचं चार्जिंग संपलं तसं तिनं पेटी उघडली, पॉलिश पेपरनं माझी स्प्रिंग घासली, नवे सेल घातले. मी पेटले. "मामा, ही मी लातूरला नेते बरं का," असं तिनं आजोबांना तिथल्या तिथे सांगून टाकलं.

लातूरला माझं राज्य सुरू झालं. शिवूला अंधाराची भीती वाटायची. रात्री जाग आली की तिचा हात आधी उशीखाली यायचा, म्हणजे माझ्याकडे. आईच्याही आधी! सहा वर्षांची होईपर्यंत ती मला घेऊनच झोपायची. कुणाच्या नशिबात असतं असं?

आणि मग घरात दुर्बीण आली.

शिवूचा बाबा सोमेश एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दिवाळीनंतर एके दिवशी तो लांबलचक खोकं घेऊन आला. आत पांढरी नळी, तीन पायांची घोडी आणि झोपायला मखमली पिशवी. मित्रांनो, मलाही नळीच आहे, मलाही काचच आहे. पण मला मखमल नव्हती कधी! शिवू त्या रात्री दुर्बिणीशेजारी झोपली. उशीखाली हात आलाच नाही.

"सवतच आणलीय तुम्ही घरात," दामिनी म्हणाली. "आता रविवार हिचे."

मनात म्हटलं, बाई, सवत तुझी एकटीची नाही.

लातूरच्या गच्चीवरून काही दिसेना. चहूकडे दिवे, वर नुसता राखाडी उजेड. मग सोमेश आणि त्याच्या क्लासमधला विद्यार्थी मृत्युंजय अंधारी जागा शोधायला निघाले. त्यांची परीक्षा सोपी होती. कुठेही पोचलं की आकाशातला कृत्तिकांचा घोस शोधायचा आणि त्यातल्या चांदण्या नुसत्या डोळ्यांनी मोजायच्या. जितक्या जास्त, तितकी जागा काळोखी. मोजणीचं काम शिवूकडे, कारण तिचे डोळे कोवळे. लातूरच्या गच्चीवर तीन. गावाबाहेरच्या तळ्यावर चार, तिथे ढाब्याचे रंगीत दिवे आडवे आले. नायगावकडच्या माळावर पाच, पण टेकडीवरच्या देवळाचा मोठा दिवा रात्रभर ढणढणत होता. शिवू प्रत्येक आकडा वहीत लिहायची. तिला सात हव्या होत्या.

दामिनी प्रत्येक वेळी सोबत जायची आणि मला पिशवीत न्यायची. पायाखाली काही सळसळलं की तिचा अंगठा माझ्या खटक्यावर. मी झगमगले की सगळे ओरडायचे, "अहो, बंद करा!" कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीसेक मिनिटं लागतात आणि माझा एक झोत ते सगळं घालवतो. ज्या उजेडासाठी मला विभूती लागली होती, त्याच उजेडाला आता शिव्या. मी दुर्बिणीचा हेवा करत होतेच, आता अंधाराचाही करू लागले.

"आपल्या मुखेडच्या शेतातच जाऊ," एक दिवस सोमेश म्हणाला. "येळवस आहे. अमावस्या, सुट्टी आणि घरचा अंधार, सगळं एकाच दिवशी!"

गुरम्माआजींना फोन गेला. "या की," आजी म्हणाल्या. "पण अंधार बघायला लातूरहून यायलाव? आम्हाला रोजच हाय की तो."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारतात, तिच्यावर शाल पांघरतात, आत पाच दगड मांडून पूजा करतात. मग भज्जी, उंडे आणि मडक्यातली गार आंबील. दुपार छान गेली. दिवस मावळला, सोमेशनं दुर्बीण उभी केली, आणि तेवढ्यात संगप्पाआजोबांनी कडब्याचा हेंडगा, म्हणजे मोठी मशाल, पेटवून शेताभोवती फेरा सुरू केला. पलीकडच्या शेतात दुसरा पेटला. बघता बघता सगळं शिवार जाळानं उजळलं आणि धुरात आकाश बुडालं.

"सर," मृत्युंजय खोकत म्हणाला, "तुमची सगळ्यात काळोखी जागा हीच ना?"

सोमेशनं कपाळावर हात मारला. "लहानपणी हा हेंडगा घेऊन मीच पळालोय. अमावस्या लक्षात ठेवली आणि हेंडगाच विसरलो की!"

"फिजिक्स शिकवतंय म्हणं," आजी म्हणाल्या.

खरं सांगू? मला उकळ्या फुटल्या. दुर्बिणीच्या काचेवर राख बसत होती.

पण नऊ वाजेपर्यंत जाळ विझले, वाऱ्यानं धूर नेला, आणि असा अंधार उतरला की मला माझंच टोक दिसेना. सोमेशनं सगळ्यांचे मोबाइल गाडीत ठेवले. मग दामिनीच्या हातातून मला घेतलं, माझं बूड फिरवून उघडलं आणि तिन्ही सेल काढून खिशात टाकले.

"अहो, विहीर आहे तिथं. कठडासुद्धा नाही," दामिनी म्हणाली.

"मी आहे ना. तुझा अंगठा तुझं ऐकत नाही."

रिकामी करून त्यानं मला तिच्या हातात परत दिलं. मित्रांनो, एवढा अपमान मला पेटीतही वाटला नव्हता.

दुर्बिणीपाशी रांग लागली. मृग नक्षत्रातला धूसर ढग बघून मृत्युंजय "वा, वा" करत होता. मग सोमेश म्हणाला, "शिवू, ये, तुझी पाळी."

शिवू नव्हती.

"शिवू!" दामिनीचा आवाज चिरकला. तिनं पुन्हा हाक मारली. तिची बोटं माझ्याभोवती आवळली. ती खटका पुढे ढकलत होती, मागे ओढत होती, आणि माझ्या पोटात काहीच नव्हतं. सोमेश खिसा चाचपत धावला. घाईत एक सेल हरभऱ्यात पडला. तीन सेलांची बॅटरी दोनावर पेटत नाही. त्या क्षणी मला कुणाचाही हेवा नव्हता. एकदा, फक्त एकदा मला पेटायचं होतं.

"दामिनी, थांब," गुरम्माआजी तिचा दंड धरून म्हणाल्या. "उगं पळू नको, विहिरीत जाशील. डोळे सरावल्यात तुझे. नीट बघ."

"काय बघू आत्याबाई, काळंकुट्ट आहे!"

"बघ तर खरं."

दामिनीनं बघितलं. आधी विहिरीच्या काठाचे फिकट दगड दिसले, तिथे कुणी नव्हतं. मग पायवाटेची राखाडी रेघ. आणि रेघेच्या टोकाला, कोपीशेजारी जमिनीवर, काहीतरी पांढुरकं. शिवूचा फ्रॉक. चांदण्यांच्या उजेडात, मित्रांनो! मी तेव्हा पेटले असते तर माझ्या गोलात ढीगभर हरभरा दिसला असता आणि गोलाबाहेरची शिवू कुणालाच दिसली नसती. हे मला त्याच वेळी कळलं आणि सेल नसूनही आत काहीतरी जळलं.

दामिनी जवळ पोचली तेव्हा शिवू उताणी पडून बोट वर करून होती. आईच्या हातात मला पाहताच म्हणाली, "आई, बटण दाबू नको गं! मी मोजायलेय. सात झाल्यात, आठवी यायलीय."

"हाका मारल्या तर ओ देता येत नाही?" दामिनी रडत होती.

"बोललं की मोजायचं चुकतंय."

दामिनीनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिच्याच शेजारी आडवी झाली. मला तिनं छातीवर ठेवलं, म्हणून मलाही आकाश दिसलं. तिला सहाच दिसल्या. "तुझे डोळे मला दे की गं," ती म्हणाली. हेवा फक्त मलाच वाटतो असं नाही तर!

परतताना हरभऱ्यातला सेल सापडला. गुरम्माआजींनी खणाचा लाल तुकडा माझ्या काचेवर बांधला. तांबड्या उजेडानं सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत, असं सोमेश म्हणाला. दामिनीनं मला पायांकडे वाकवून धरलं आणि विहिरीच्या काठानं सगळ्यांच्या पुढे मी चालले. दुर्बीण मागून खांद्यावर, पिशवीत बंद.

आता विहिरीला कठडा आहे. मुखेडचं शेत वहीत पहिलं आहे, फक्त येळवशीच्या नावापुढे फुली आहे. घरी आलं की शिवू स्वतः माझे सेल काढते, तिच्या जुन्या पायमोज्यात मला ठेवते. "पोटात गळायला नको," म्हणते. ज्याला मी अपमान समजले होते, तीच माझी काळजी निघाली.

हेवा गेला का? छे! मखमल ती मखमल आणि पायमोजा तो पायमोजा.

पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या पेटीत एखादी जुनी बॅटरी असेल तर आज ती उघडा आणि सेल काढून ठेवा. विहिरीजवळ, बांधावर तिला सोबत न्या, काच पायांकडे धरा. आणि कुणी चांदण्या मोजत असेल तर तिचा खटका दाबू नका. हे एक बॅटरी सांगते आहे. तिला किती जड गेलं असेल, बघा.