बेस हाय

परमेश्वर साउंडवाला खोटं बोलत नाही, एवढं त्याच्या बाजूनं आधीच नोंदवून ठेवतो. तो फक्त विचारलेल्याचं उत्तर देतो. दिनकररावांनी बुधवारी त्याला फोनवर विचारलं, "बेस हाय ना?" तो म्हणाला, "सगळं बेस हाय." आपल्याकडं व्याह्यापासून वांग्यापर्यंत सगळंच बेस असतं. दिनकररावांनी मला यादीत 'बेस'पुढं खूण करायला लावली आणि विषय मिटवला.

यादी माझ्याकडं असते. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. आता दिनकररावांच्या ऑर्केस्ट्राचं सामान मोजतो. कोण काय विसरतं ते पाठ आहे. ढोलकीवाला राम चष्मा विसरतो. दिनकरराव दुसऱ्याचं नाव विसरतात. दैवशाला काही विसरत नाही, हीच तिच्याविषयीची तक्रार.

दैवशाला म्हणजे पेडगावच्या धोंडीबा मेंढपाळाची मुलगी, सव्वीस वर्षांची. चार जाड तारांची बेस गिटार वाजवते. गाण्याच्या तळातून जो ढुम येतो, तो तिचा. माझ्या यादीतली खूण बघून ती म्हणाली, "मामा, कुठला बेस हाय? चांगला, का माझा?"

तिनं स्वतःच फोन लावला. "परमेश्वरभाऊ, माझी बेस गिटार कशात घालायची?"

"पिशवीत घाला की, ताई. तिथं धूळ लय असती."

"आवाज कशातून काढायचा, म्हणते मी."

"दोन भोंगे हायत. मागच्या साली त्याच माळावर सभा केली, पार ओढ्यापल्याड ऐकू गेलं."

भोंग्यातून भाषण जातं. बेस घातला तर डब्यात भुंगा सापडल्यासारखा होतो. रविवारचा कार्यक्रम पाथरीजवळच्या उघड्या माळावर, शेळ्या-मेंढ्यांच्या प्रदर्शनात, दुपारी चारला. भिंत नाही, छप्पर नाही, वारा मात्र भरपूर.

दिनकररावांना सांगितलं तर ते सुटल्यासारखे हसले. "मग जाऊ दे. बेस मी कीबोर्डावर डाव्या हातानं काढतो. तू गिटार गळ्यात घालून उभी राहा, शोभा येती. तसंबी बेस कुणाला ऐकू येतोय?"

"ऐकू न आल्यावर सगळ्यांना कळतंय, सर."

"असं? मग रविवारी मला ऐकू येऊ दे. न्हाई आला तर पुढच्या तारखेपासून जीपमधली तुझी जागा नाचणाऱ्या जोडीला."

हे ते सगळ्यांदेखत बोलले. दिनकररावांना अडचणीची गोष्ट चारचौघांत बोलायची सवय आहे. समोरचा लाजून गप्प बसतो. बहुतेक जण बसतात.

तीन दिवस दैवशालानं दुसरं काही केलं नाही. गिटारचं वायर खुपसायचं भोक स्पिरिटनं पुसलं. वायर इंच इंच वाकवून बघितली. एका जागी खर्र झालं, तिथं कापून पुन्हा सोल्डर केली. एका डीजेवाल्यानं नवे मोठे स्पीकर घेतल्यावर टाकून दिलेला पंधरा इंची स्पीकरचा डबा तिच्याकडं होता. त्याची जाळी काढली, सैल झालेला स्क्रू आवळला, उंदरानं केलेलं घर झटकलं. ॲम्प्लिफायर, जादा फ्यूज, लांब वायरीचा बोर्ड, चिकटपट्टी असं एकेक काढून ठेवलं. शेवटी तिनं यादीत स्वतःच्या हातानं लिहिलं : लोखंडी गज, हातोडा, मीठ.

"मीठ कशाला गं?" मी विचारलं.

"जनरेटर हाय, मामा. अर्थिंग कोण देणार? परमेश्वर?"

जीपमध्ये डब्याला जागा नव्हती. दिनकररावांनी तशी ठेवलीच नव्हती, त्यांच्या तीन कोटांसाठी मात्र होती. तेव्हा डबा धोंडीबाच्या टेम्पोतून निघाला. धोंडीबा प्रदर्शनाला दोन मेंढे नेत होता. पेडगावपासून पाथरीपर्यंत एक मेंढा डब्याला टेकून उभा होता. उतरवताना धोंडीबा म्हणाला, "मेंढ्यापरीस हेच जड हाय. बक्षीस याला मिळावं."

माळावर परमेश्वरानं बांबूला दोन भोंगे बांधले होते. त्याच्या यंत्राला चार भोकं, चारही भरलेली. "ताई, जागाच न्हाई."

"मला जागा नको. करंट तेवढा द्या."

तिनं ॲम्प्लिफायर लावला तर डब्यातून गोमाशीसारखी घूंऽऽ सुरू झाली. दिनकरराव कोट चढवत बघत होते. तिनं मंचामागं गज ठोकायला घेतला. माळ कोरडा, गज शिरेना. मेंढ्यांच्या कुंडातलं पाणी आणून मीठ कालवून ओतलं, पुन्हा ठोकला.

"खुंट कशाला ठोकायलीस? मेंढा बांधायचाय का?" दिनकरराव म्हणाले. बघणारे हसले.

"व्हय," ती मान वर न करता म्हणाली. "लय मोकाट सुटलाय."

मग बघणारे जास्त हसले. हसू कुणाच्या नावावर पडलं, हे सांगायला कंडक्टर लागत नाही.

गजाला वायर जोडली, घूं थांबली.

चार वाजता कार्यक्रम लागला. पहिल्या गाण्याला वाऱ्यानं भोंग्यांतला आवाज उचलला आणि ओढ्याकडं नेला. दिनकरराव गातायत हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. बेस मात्र जमिनीवरून गेला. डबा तिनं मंचाखाली, मातीला भिडवून ठेवला होता. मागं उभ्या माणसांच्या पायांना आधी कळलं. एकेक टाच हलायला लागली. राम गाण्यापेक्षा तिच्याकडं बघून ढोलकी वाजवू लागला.

दिनकररावांनी डाव्या हातानं कीबोर्डावर स्वतःचा बेस सुरू केला. तो भोंग्यातून निघाला : भुंगा. दोन ओळी त्यांनी रेटलं, मग हात काढून मांडीवर ठेवला. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात ते तिच्याकडं वळले.

"कमी कर."

ती वाजवत राहिली.

"दैवशाला, कमी कर. माझं मलाच ऐकू येईना."

"काय म्हणलाव?"

"तुझा बेस," ते ओरडले. माईक चालू होता आणि नेमका तेव्हाच वारा पडला. "तुझा बेस लय ऐकू यायलाय."

सबंध माळानं ते ऐकलं. दैवशालानं मान डोलावली, साक्ष मिळाल्यासारखी. आवाजाच्या बटणाकडं तिचा हात गेला. दिनकररावांना हायसं वाटलेलं मी पाहिलं. तिनं बटण वरच्या बाजूला थोडं फिरवलं आणि पुढचं गाणं स्वतःच सुरू केलं. रामनं ढोलकी उचलली. दिनकररावांना मागून शिरावं लागलं.

कार्यक्रम संपल्यावर ते कोटाची घडी करत तिच्याजवळ आले. ती वायर गुंडाळत होती.

"पुढच्या तारखेला जरा कमी ठेव," ते म्हणाले.

"मैदान बघून सांगते," दैवशाला म्हणाली. "आन् सर, डबा जीपमधी येणार. जागा करा."