पोकळ झाडावरचा शिक्का

आमच्या कामाचा नियम साधा. मेलेलं झाड शोधायचं, तळहाताएवढी साल तासायची आणि हातोड्याने शिक्का ठोकायचा. पुढच्या आठवड्यात करवत येते. शिक्का ठोकणाऱ्याने स्वतः ‘माझी चूक झाली’ असं सहीनिशी लिहून दिलं, तरच झाड वाचतं. तसं आजवर कुणीच दिलं नव्हतं. मी तरी कशाला देते? सहा वर्षं रोजंदारीवर काढली होती आणि त्याच महिन्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं होतं.

टेकडीमागच्या म्हाताऱ्या झाडावर मी ऐटीत शिक्का ठोकला. भर उन्हाळ्यात रानातली निम्मी झाडं निष्पर्ण असतात, म्हणून फांदी नखाने खरवडून बघायची असते. पण फांद्या उंच आणि मला चढायचा कंटाळा. खोड वाजवलं, पोकळ निघालं. वर राखाडी काड्यांचे झुपके दिसत होते. बांडगुळांनी खाल्लं बिचाऱ्याला, असं म्हणून मी मोकळी झाले.

माझा मामा याच रानात झाडांवर चढून बी गोळा करतो. माणसांपेक्षा झाडांशी त्याचं जास्त पटतं. शिक्का बघून तो रागावला असता तर परवडलं असतं. त्याने नुसता कमरेचा दोर सोडून माझ्या हातात दिला.

“वर जा. खालून काय कळणार तुला?”

धापा टाकत वर पोचले आणि बघतच राहिले. त्या काड्या म्हणजे आमरी, म्हणजे ऑर्किड होत्या आणि त्या रणरणत्या उन्हात जांभळ्या फुलांनी लगडल्या होत्या. एकीचंही मूळ लाकडात शिरलेलं नव्हतं. सालीच्या भेगांत धूळ, कुजका पाला आणि पहाटेच्या दवाची ओल साठली होती, तेवढ्यावर त्या जगत होत्या. झाडाने पानं गाळली म्हणून त्यांना ऊन मिळत होतं. शेजारच्या सरळ, गुळगुळीत झाडावर एकही नव्हती. मी पन्नासपर्यंत मोजून नाद सोडला. मग फांदी खरवडली, तर आत हिरवीगार. मला माझीच लाज वाटली.

उतरल्यावर मामाला विचारलं, एवढ्या सगळ्यांना अंगावर घेऊन याला काय मिळतं?

“काही नाही. जागा आहे, देतं.”

‘माझी चूक झाली’ असा माझा सहीचा कागद साहेबांनी वाचला आणि माझ्याकडेच सरकवला. यादी वर जायची आहे, म्हणाले, एका पोकळ झाडापायी वेडेपणा करू नकोस. मी कागद परत त्यांच्यापुढे ठेवला. यादीतून माझं नाव गेलं. घरी येऊन ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू?

याला चार वर्षं झाली. मी अजून रोजंदारीवरच आहे. परवा मामा मला मुद्दाम त्या झाडापाशी घेऊन गेला. तासलेल्या जागेच्या कडा फुगून खडबडीत झाल्या होत्या आणि माझ्या शिक्क्याला लागूनच एका भेगेत नखाएवढी आमरी साल धरून बसली होती. मी केलेली जखमसुद्धा झाडाने कुणाला तरी राहायला दिली होती.